घराचं पाळणाघर करताना



येत्या अक्षय तृतीयेपासून आमच्या चिखलीच्या घरात पाळणाघर सुरू होतंय. मुहूर्त मीच निवडला. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून जास्त काळाच्या उपवासानंतर याच दिवशी हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं उसाच्या रसाचा आहार दिला, म्हणून आपण हा दिवस दानाचा मानतो. मी फी घेणार आहे, त्यामुळे याला दान म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण भुकेल्याला वेळेवर, शुद्ध आणि प्रेमानं भरवायची सुरुवात करायला याहून चांगला दिवस कुठला?

गेले तीन महिने घरात सुतार, इलेक्ट्रिशियन आणि जाळीवाला यांचीच ये-जा आहे. देवळात भेटलेल्या कितीतरी जणींनी विचारलं, "अगं, या वयात हे काय काढलंस?" काहींनी हळूच असंही विचारलं, "आमच्याही घरात जागा आहे, काय काय करावं लागतं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज एकदमच लिहिते.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात. बी. कॉम. झाले आणि लग्न होऊन इकडे आले. हे टेल्कोत होते. नव्वदच्या दशकात चिखलीत जागा घेऊन बैठं घर बांधलं, मागाहून वर एक मजला चढवला. तेव्हा इथे शेतं होती. टाळगाव चिखली म्हणून वारकऱ्यांत या गावाचं नाव. आता एका बाजूला तळवड्याचा आयटी पार्क, दुसरीकडे मोशी, पलीकडे चाकणचे कारखाने. सकाळी सहापासून कंपन्यांच्या बसेस धावतात आणि त्या बसमध्ये आता निम्म्या मुली असतात. लातूर, बीड, जळगाव, नांदेड कुठून कुठून आलेल्या. सासू-सासरे गावी, आई गावी, इथे दोघंच आणि मधे एक तान्हं बाळ.

आमच्या शेजारच्या इमारतीत अशीच एक मुलगी राहते. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा तिला मिळाली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा बाराचे सव्वीस आठवडे झाले. त्याच दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा दिली. वाचायला किती छान. पण ती ज्या छोट्या ऑफिसात काम करते तिथे माणसं वीस. रजा संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा ती माझ्याकडे राजीनाम्याचं पत्र घेऊन आली, इंग्रजी तपासून द्या म्हणून. मी वाचलं. इंग्रजीत एकही चूक नव्हती. मी म्हटलं, "पत्र राहू दे चार दिवस माझ्याकडे." ते अजून माझ्या कपाटातच आहे. चार दिवसांचं वर्ष होत आलं. तिचं बाळ तेव्हापासून दिवसा माझ्याकडेच असतं.

एक बाळ सांभाळणं ही शेजारधर्माची गोष्ट झाली. मग तिच्या दोन मैत्रिणींनी विचारलं, आणि तेव्हा माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी जागी झाली. एकापेक्षा जास्त मुलं घ्यायची तर ते कागदावर, नियमानं आणि हिशेबानं व्हायला हवं.

आमच्या नणंदेची सून इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. ती तिथे घरीच मुलं सांभाळते. तिकडे त्याला रीतसर नोंदणी लागते. ऑफस्टेड नावाची सरकारी संस्था घर पाहायला येते, घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चौकशी होते, मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा वर्ग करावा लागतो. आणि एका बाईनं आठ वर्षांखालची फार तर सहा मुलं घ्यायची, त्यातली पाच वर्षांखालची साधारण तीन, आणि एक वर्षाच्या आतलं एकच. मी फोनवर हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

आपल्याकडे घरगुती पाळणाघराच्या नोंदणीचा असा अर्ज मला कुठल्याही खिडकीवर मिळाला नाही. बायका मुलं सांभाळतात, शेजारीपाजारी एकमेकींना सांगतात, काम चालतं. पण नियम अगदीच नाहीत असंही नाही. २०१८ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण घरी चालवणाऱ्या बाईनंही वाचाव्यात अशा आहेत. दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची जागा, आणीबाणीत बाहेर पडायचा रस्ता, कामावर ठेवणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी, असं सगळं त्यात आहे.

आता गणित पाहा. आमचा हॉल बारा बाय चौदा, म्हणजे १६८ चौरस फूट. बारानं भागलं तर चौदा मुलं बसतात. जागेच्या हिशेबानं चौदा, पण माझ्या दोन हातांच्या आणि एका दुखऱ्या गुडघ्याच्या हिशेबानं? रात्री आग लागली किंवा दिवसा भूकंप झाला तर मी आणि मदतनीस मिळून किती मुलं उचलून बाहेर नेऊ? प्रत्येकी दोन, आणि एक चालणारं बोट धरून. पाच. माझ्या पाळणाघराची पटसंख्या अशी ठरली, आणि त्यात एक वर्षाच्या आतलं एकच. ह्यांनी विचारलं, "सहावं आलं तर?" मी म्हटलं, "तर त्याला दुसरीकडे जागा शोधून देऊ."

कागदपत्रांचं म्हणाल तर ती अवघड नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात छोट्या आस्थापनेला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची सोय आहे. आपण ज्याला अजून गुमास्ता म्हणतो तेच. दुसरं, सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी. तिला एक पैसाही लागत नाही, आधार आणि पॅन पुरतं. मधले कुणी हजार-दोन हजार मागत असतील तर देऊ नका. तिसरं, चारित्र्य पडताळणी. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. मदतनीस मावशींची पडताळणी करायची ठरली तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला. म्हणून मी माझी आणि ह्यांचीही करून घेतली. तिघांची प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये लावली आणि मावशींना म्हटलं, "बघा, आपण तिघंही एका रांगेत." त्या हसल्या. ज्यांच्या हातात आपलं मूल द्यायचं, त्यांच्याबद्दल आई-बापांना माहिती मागायचा हक्क आहे. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं होतं, आठवत असेल तुम्हाला. ते चित्र टीव्हीवर पाहिलेली प्रत्येक आई आजही दार लावून जाताना मागे वळून पाहते. तिला "विश्वास ठेव गं" म्हणण्यापेक्षा फाइल दाखवलेली बरी.

कॅमेरा मीही बसवलाय, हॉलमध्ये आणि दारावर. मुलांना धुवायच्या-बदलायच्या जागी मात्र नाही.

आता घराकडे येते. आपल्या धर्मात जयणा शिकवली आहे. चालताना पाहून चालणं, वस्तू पाहून उचलणं, पाहून ठेवणं, पाणी गाळून घेणं. लहानपणी आई म्हणायची, खाली बघून चाल, मुंगी असेल. आयुष्यभर मी खाली बघून चालले, पण पाळणाघरासाठी खाली बसून पाहावं लागलं. एका दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकून मी चक्क पोटावर झोपले आणि रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यांनी घर पाहिलं. हे आले आणि घाबरून म्हणाले, "पडलीस की काय?" म्हटलं, "नाही, तपासणी चाललीय."

काय काय दिसलं सांगते. टीव्हीच्या मागची वायर. सोफ्याखाली नातवाच्या खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल. हा गिळला तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर महागात पडतो. शो-केसच्या काचेची धार. कपाटाखाली गेलेली डांबराची गोळी, मुलांना ती खडीसाखरच वाटणार. देवघराशी खाली ठेवलेली समई आणि काडेपेटी. जिन्याच्या कठड्याच्या गजांमध्ये अंतर पाच इंच. चार इंचांपेक्षा जास्त फट असेल तर लहान मूल त्यातून घसरू शकतं किंवा डोकं अडकू शकतं. कठड्याला आतून जाळी मारली आणि जिन्याला खाली-वर दोन्हीकडे छोटी दारं लावली. समई उंच कट्ट्यावर गेली. बागेतली कण्हेर काढून टाकली. इतकी वर्षं पूजेला तिची फुलं नेली, पण तिचं पान, फूल, चीक सगळंच विषारी. जास्वंद आणि मोगरा राहिला.

बाथरूममध्ये फिनेल आणि ॲसिड. आपल्यातल्या किती जणी फिनेल पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवतात? ते आजच बंद करा, पाळणाघर काढा की न काढा. आमच्याकडे सगळं आता मूळ बाटलीत, वरच्या कपाटात, कडीकुलपात.

सगळ्यात जास्त विचार पाण्याचा केला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी. त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं, ड्रम, भरलेल्या बादल्या. उभं राहायला शिकलेलं मूल बादलीत डोकावतं, तोल जातो आणि चार बोटं पाण्यातही जीव जाऊ शकतो, आवाजसुद्धा होत नाही. मी ड्रम मागच्या अंगणात नेले, त्यांना कडीची झाकणं केली आणि मधल्या दाराला उंचावर बोल्ट लावला. बाथरूममधली बादली रिकामी आणि पालथी. पिण्याचं पाणी आपल्या रीतीनं दुहेरी कापडानं गाळून उकळलेलं असतंच, त्यात नवीन काही करावं लागलं नाही. आजीनं धर्म म्हणून दिलेली गोष्ट बालरोगतज्ज्ञांनी आरोग्य म्हणून पुन्हा लिहून दिली. मधाचंही तसंच. आपल्याकडे मध वर्ज्य, आणि डॉक्टरही वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका म्हणतात, त्यातल्या जंतूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

वीज. इलेक्ट्रिशियनकडून शॉक लागताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला, खालच्या सगळ्या सॉकेटना झाकणाचे बसवले. झोळीसाठी छतातला जुना हुक होता, तो काढून नवीन बसवला आणि त्यावर धान्याचं पन्नास किलोचं पोतं दिवसभर लटकवून पाहिलं. तरी झोळी फक्त माझी नजर असेल तेव्हाच. बाकी झोप गादीवर, बाळ पाठीवर, आजूबाजूला उशी नाही, तोंडावर दुपटं नाही. डासांसाठी कॉइल किंवा फवारा नको, खिडक्यांना बारीक जाळ्या. त्यात डासाचाही जीव वाचतो आणि बाळाची छातीही. कुदळवाडीकडे भंगाराची गोदामं होती तेव्हा आग लागली की काळा धूर आमच्यापर्यंत यायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली बांधकामं पाडली. तरीही कुठे काही जळायला लागलं की खिडक्या पटकन मिटता याव्यात म्हणून त्या खटक्या दुरुस्त करून घेतल्या.

आणि प्रथमोपचार. एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. त्रेसष्टाव्या वर्षी रबरी बाळ मांडीवर पालथं घेऊन शिकले. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला तर डोकं खाली ठेवून पाठीवर तळहातानं पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच वेळा दाब, आणि परत तेच. न दिसणारी वस्तू बोट घालून काढायला जायचं नाही, ती आणखी आत जाते. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, हरभरे, पॉपकॉर्न लहान मुलांना द्यायचे नाहीत. शेंगदाण्याचं कूट चालेल. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत नंबर लावलेत: रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, मुलांसाठी १०९८. हेही सांगून ठेवते, एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि ते कुणी पोलिसांना कळवलं नाही, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तो गुन्हा आहे. घरची गोष्ट, कशाला बोला, असं म्हणायची मुभा आता कुणालाच नाही, आणि नसलीच पाहिजे.

घर सुरक्षित झालं, पण ते मुलांचं झालं का? मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते एका कामगार वस्तीच्या चाळवजा इमारतीतच, आई-बाप दिवसभर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना सोबत घेऊन तेच काम खेड्यातल्या मुलांसाठी केलं, हाताशी असलेल्या साध्या वस्तू वापरून. मग मला महागडी खेळणी कशाला हवीत? एक खालचा कप्पा मोकळा केला. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी पळ्या, झाकणं, मोठाली शंख-शिंपलीसारखी गिळता न येणारी चित्रं काढलेली लाकडी ठोकळ्यांची पेटी, कापडाचे चेंडू. कपडे अडकवायच्या खुंट्या मुलांच्या उंचीवर. हात धुवायला पाट. आमच्या शेजारच्या बाळानं या कप्प्यातून झाकण काढून परत ठेवण्यात सबंध दुपार घालवली.

आता स्वयंपाकघराचं. तुम्हाला यातच सगळ्यात रस असणार, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न याबद्दलच आलेत.

चौक्याचं कसं करणार? चातुर्मासात मुनीश्री किंवा माताजी आल्या की आमच्याकडे आहाराचा चौका लागतो. तो आता फक्त रविवारी, पाळणाघर बंद असेल तेव्हा. इतर दिवशी जाऊबाईंच्या चौक्यात पहाटे जाऊन भाजी शोधून देईन. पहाटेचं सामायिक, दर्शन ठरल्या वेळी. मुलं साडेआठला येणार.

आणि डब्यांचं काय? मुलं सगळी आपली नाहीत. पाचातलं एकच जैन. कांदा-लसूण, बटाटा डब्यात येणारच. जाऊबाई स्पष्टच म्हणाल्या, "तुझ्या हातानं बटाटा भरवणार?" मी बरेच दिवस विचार केला. कंदमुळाचा त्याग माझा आहे. मी तो समजून-उमजून घेतलाय. दोन वर्षांच्या लेकरानं तो घेतलेला नाही, त्याच्या आईनंही नाही. त्याच्या आईनं पहाटे पाचला उठून केलेली भाजी मी बाजूला सारली तर त्यात कुठला धर्म? म्हणून घरचा डबा हॉलमध्ये, त्याच्याच ताटलीत, त्याच्याच चमच्यानं भरवायचा, आणि ती भांडी बाहेरच्या मोरीत वेगळी घासायची. माझ्या ओट्यावर मात्र माझंच शिजेल.

पण मग एका आईनं विचारलं, "काकू, डॉक्टरांनी वजन कमी म्हणून अंडं द्यायला सांगितलंय. उकडून डब्यात देऊ का?" मुलगी चांगली आहे, संकोचून विचारत होती. मी तिला म्हटलं, "बाळा, डॉक्टरांचं ऐकच. सकाळी निघण्याआधी किंवा रात्री तू घरी दे. माझ्या घरात अंडं नाही येऊ देता येणार. पण दिवसभरात मी त्याला मुगाची खिचडी तुपासह, नाचणीचं सत्त्व, दही-भात, कूट घातलेला गूळ-पोळीचा लाडू भरवीन आणि किती खाल्लं ते रोज वहीत लिहून देईन. दर पंधरा दिवसांनी वजनही करू. चालतंय का बघ. नाही चाललं तर मी मनात काही धरणार नाही." तिनं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. बटाटा चालतो आणि अंडं का नाही, असं मला कुणी तर्कानं विचारलं तर माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. घर माझं आहे, रेषा कुठेतरी ओढावी लागते, मी तिथे ओढली. फक्त ती पहिल्याच दिवशी, लेखी आणि गोड शब्दांत सांगितली, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको.

तिसरी गोष्ट रात्रिभोजनाची. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो आणि तळवड्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आयांना यायला पावणेसात-सात होणार. मी सूर्यास्ताआधी जेवून घेईन. पण साडेसहाला बाळ भुकेनं रडलं तर त्याला दूध गरम करून देणार. आमच्या देवळात आलेल्या माताजींना मी भीतभीत विचारलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, रडणाऱ्या बाळाला सूर्याची वाट पाहायला लावू नकोस. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही. न पटलं तर मोकळेपणानं सांगा, मी ऐकेन.

हे सगळं ठरवताना मला लक्ष्मीबाई पाटलांची आठवण यायची. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आपल्या समाजात लहान पोरगंही सांगतं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह. पण त्या मुलांना दोन वेळा रांधून घातलं ते लक्ष्मीबाईंनी. त्याही आपल्यासारख्याच सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या जैन घरातल्या. पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्यांच्यापुढे माझी गोष्ट काहीच नाही. माझ्या बांगड्या हातातच आहेत आणि मला फीही मिळणार आहे. पण दुसऱ्याचं मूल ओट्याजवळ आलं की घराचा धर्म बुडत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय. मी नवीन काही करत नाही.

आता हिशेब, ज्याशिवाय माझा लेख पुरा होत नाही. जाळ्या आणि दारं १४,५००, वायरिंग ५,२००, गाद्या-सतरंज्या ८,०००, कॅमेरे ९,५००, आग विझवायचा सिलिंडर १,८००, प्रथमोपचार पेटी १,०००, खेळणी-ठोकळे ३,०००. एकूण ४३,०००. हे मी माझ्या मुदत ठेवीतून काढले, ह्यांच्याकडून घेतले नाहीत. दरमहा पाच मुलांची प्रत्येकी ४,५०० प्रमाणे फी २२,५००. त्यातून मावशींचा पगार ९,०००, वीज, गॅस, दूध, साबण ३,५००. उरतात दहा हजार. म्हणजे पाचही जागा भरल्या तर साडेचार महिन्यांत भांडवल सुटतं. सुरुवातीला तीनच मुलं आहेत, तेव्हा जेमतेम हजार रुपये उरतील. मावशींचा पगार मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. उरलेल्यातला दहावा भाग दानपेटीला आणि दहावा घसाऱ्याला, कारण गाद्या आणि गुडघे दोन्ही झिजणार आहेत.

आई-बापांशी दोन पानी करार केलाय, साध्या मराठीत. मूल कोण न्यायला येईल त्यांची नावं आणि फोटो. दुसरं कुणी आलं, सख्खा काका असला तरी, फोन केल्याशिवाय मूल देणार नाही. लसीकरणाच्या कार्डाची प्रत. ताप असेल तर पाठवायचं नाही, ताप उतरून पूर्ण दिवस गेला की पाठवायचं. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि आईनं वेळ-प्रमाण लिहून दिल्याशिवाय नाही. मुलांचे फोटो कुठेही टाकणार नाही. म्हणून या लेखाबरोबरही एकही फोटो नाही.

पहिला प्रश्न राहिला, या वयात हे काय? खरं सांगते, हे सुरुवातीला अजिबात तयार नव्हते. त्यांना लाज वाटायची नाही, भीती वाटायची. "दुसऱ्याच्या लेकराला काही झालं तर आपण कुणाला तोंड दाखवणार?" हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला आणि त्यावर मी काहीच बोलले नाही, कारण रात्री जाग आली की मीही हाच प्रश्न छताकडे बघून विचारत असते. ती भीती जाळी लावून गेली नाही, आरसीसीबी बसवूनही गेली नाही. आता वाटतं, ती जाऊच नये. ती असेल तोवर मी बादली पालथी घालीन, गॅसचा रेग्युलेटर बंद करीन, मूल झोपलं तरी दर दहा मिनिटांनी श्वास बघीन. ह्यांनी काय केलं माहीत आहे? मागच्या आठवड्यात स्वतःच दारावरची पाटी रंगवून आणली. आणि रोज संध्याकाळी मुलं गेल्यावर सगळी खोली तपासायचं काम स्वतःकडे घेतलं. वहीत सही करतात, कंपनीत पाळी संपताना करायचे तशी.

एक विनंती आहे. मुलांच्या गोधड्यांसाठी जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या हव्यात. कुणाकडे असतील तर धुऊन, टिकल्या-पिना काढून देवळात माझ्या नावानं ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाला आपल्या घरात असं काही सुरू करायचं असेल तर रविवारी दुपारी या. फाइल, करार, हिशेबाची वही सगळं दाखवीन. फक्त येताना साडी नेसून येऊ नका, ड्रेस घाला. सतरंजीवर पोटावर झोपून घर पाहावं लागेल.

जय जिनेंद्र.